‘गाडीवाट’चा शेवटचा कागद

मित्रांनो, आदिलाबादहून निर्मलकडे जाताना इचोड्याच्या जुन्या रस्त्याला एक पत्र्याची शेड लागते. तिच्या कोपऱ्यात मी उभी आहे. पायानं चालवायची छपाईची मशीन. लोक मला ट्रेडल म्हणतात. माझ्या जातीच्या बहुतेक मशीननी लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापली आणि त्या निमूट भंगारात गेल्या. माझं तसं झालं नाही. मी आयुष्यभर मोटारींबद्दल छापलं. आज तुमच्याशी बोलते आहे तेही त्याच कामापोटी. मला घाई आहे. कशाची, ते ऐकता ऐकता तुम्हाला कळेल.

माझा जन्म अमृतसरच्या एका ओतशाळेत झाला. वाळूच्या साच्यात तापलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतलं गेलं आणि त्यातून माझं अंग निघालं. एका म्हाताऱ्या कारागिरानं माझं चक्र फिरवून आवाज ऐकला आणि पाठीवर थाप मारली, तेवढीच माझी पाठवणी. मालाच्या ट्रकमधून कांद्याच्या पोत्यांना टेकून मी नागपूरला आले आणि तिथून इचोड्याला उतरले.

मला मागवणारे अनंतराव तेव्हा एका बस डेपोत सुट्या भागांच्या कोठारावर कारकून होते. त्यांचं घराणं निजामाच्या अमलापासून इकडचं. घरी मराठी, कचेरीत आधी उर्दू आणि मग तेलुगू. कोठाराच्या खिडकीतून त्यांना रोज एकच गोष्ट दिसे. गाड्यांच्या कंपन्या जाडजूड पुस्तकं पाठवत, पण ती इंग्रजीत. मोटारधंद्याची मासिकं मोठ्या शहरांतून येत, तीही इंग्रजीत आणि बड्या विक्रेत्यांसाठी. गाडीखाली पाठीवर झोपून नट आवळणाऱ्या माणसापर्यंत त्यातलं एक अक्षर पोचत नसे. तो अंदाजानं काम करी. अंदाज चुकला की घाटातल्या वळणावर ते कळे, आणि कळायचं ते गाडीत बसलेल्यांना कळे.

अनंतरावांनी नोकरी सोडली आणि मासिक काढलं. नाव ठेवलं ‘गाडीवाट’.

काय दिवस होते ते! नागपूरहून शिशाचे खिळे आले. खिळे म्हणजे छपाईची अक्षरं, एकेक सुटं. अनंतराव लाकडी खान्यांतून ते वेचत, ओळी जुळवत, लोखंडी चौकटीत आवळत आणि माझ्या छातीवर बसवत. मग माझ्या पायपट्टीवर पाय पडला की रूळ शाई घेऊन खाली उतरत, मी कागदाला मिठी मारी आणि मिठी सुटली की कागदावर अक्षरं उमटलेली असत. पेट्रोलचे ट्रक जाऊन डिझेलचे आले, ते मी छापलं. हवेचे ब्रेक कसे असतात, जीपच्या कमानपाट्यांना तेल किती द्यायचं, पेटीवरचा कंपनीचा आकडा कसा वाचायचा, नकली बेअरिंग कसं ओळखायचं, सगळं मी छापलं. इकडं जीपा वाढल्या, मग टेंपो आले, मग रस्ता रुंद झाला. प्रत्येक बदलाची पहिली बातमी माझ्या अंगावरून गेली. जवळच्या बोथ गावच्या गॅरेजांत ‘गाडीवाट’चे अंक तारेला अडकवून टांगलेले असत आणि त्यांना ग्रीसचे अंगठे लागलेले असत. अनंतराव म्हणत, तेच आपलं बक्षीस.

मासिक चाले ते जाहिरातींवर, आणि जाहिराती देत सुट्या भागांचे दुकानदार. एकदा एक दुकानदार आला. त्याच्याकडचे कमानपाटे दोन महिन्यांत मोडतात असं अंकात आलं होतं.

“पान विकत घेतलं ना मी? मग माझ्याच मालाची बदनामी काऊन करता?” तो म्हणाला.

अनंतरावांनी अंकाच्या शेवटच्या पानावरची बारीक ओळ त्याला दाखवली. मुद्रक, प्रकाशक, संपादक, खाली त्यांचं नाव आणि इचोड्याचा पत्ता.

“पान तुमचं. पण ही ओळ माझी आहे. लोक हिच्याकडं पाहून गाडी चालवतात.”

त्या दुकानदाराची जाहिरात गेली. अनंतरावांनी काही महिने चहात साखर कमी घातली, एवढंच.

पण काळ कुणासाठी थांबत नाही, मित्रांनो. आदिलाबादला ऑफसेट आलं. रंगीत चित्रं, गुळगुळीत कागद. ‘गाडीवाट’ तिकडं छापून येऊ लागली आणि माझ्यावर ताडपत्री पडली. अनंतरावांना दोन मुलं. थोरली मीनाक्षी बोथच्या शाळेत शिक्षिका झाली आणि शाळा सांभाळून मासिकही तिनं पुढं नेलं. धाकट्या जयदीपनं शेडच्या पुढच्या बाजूला सुट्या भागांचं दुकान टाकलं. त्याला गिऱ्हाईक मिळालं तेही वडिलांच्या नावावर. ‘गाडीवाट’वाल्यांच्या पोराचं दुकान म्हणजे माल चोख, असं लोक मानत.

मग फोन आले. गाडी दुरुस्त करायची चित्रफीत खिशात आली. मासिकाची पानं कमी होत गेली, वर्गणीदार म्हातारे होत गेले. शेवटी एकच मोठी जाहिरात उरली, मागच्या पानावरची, जयदीपच्या दुकानाची. तिचा खर्च नागपूरकडचा एक ठोक व्यापारी उचलत असे. त्याचाच माल जयदीप विकायचा. अनंतरावांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि शब्द तोंडात अडकू लागले. जयदीपची दुकानात न मावणारी खोकी माझ्यावर येऊन बसली. मी ती निमूट पाठीवर घेतली. त्यांत काय होतं ते मला ठाऊक नव्हतं.

आता ऐका, गेल्या हिवाळ्यात काय झालं ते.

कापूस वेचणीचे दिवस होते. आदिलाबादपलीकडच्या बेल्याजवळच्या एका गावचा राजकुमार नावाचा चालक स्वतःची जीप चालवायचा. सकाळी वेचणीच्या बायांना शेतावर सोडायचं आणि सांजेला परत आणायचं. त्या सकाळी त्याची आई बयनाबाईही गाडीत होती. ओढ्याच्या उतारावर त्यानं ब्रेक दाबला आणि पायाखालचा पेडल सरळ तळाला गेला. जीप कठडा तोडून ओढ्यात पडली. दोन बाया जागच्या जागी गेल्या. त्यांतली एक बयनाबाई.

हे मी पाहिलं नाही. शेडमध्ये पंढरीनं सांगितलं ते ऐकलं. पंढरी इचोड्याचा मिस्त्री, ‘गाडीवाट’ वाचत वाचत हे काम शिकलेला. राजकुमारच्या जीपचं ब्रेकचं काम त्यानंच केलं होतं. तो हातात कापडाची पुरचुंडी घेऊन मीनाक्षीसमोर उभा होता.

“ताई, मी बसवलं. माह्या हातानं बसवलं. चूक माही असंल तर सांगा, मी ठाण्यात जाऊन बसतो. पन एकदा हे पाहून घ्या.”

त्यानं पुरचुंडी सोडली. ब्रेकच्या सिलिंडरमध्ये तेल अडवून धरणारी रबरं असतात, बोटाच्या पेरापेक्षा लहान. ती रबरं रात्रभर भिजलेल्या हरभऱ्यासारखी टरारून फुगली होती. पंढरीनं एकाला नख लावलं तर तुकडा निघून आला.

“रबरांचं किट नवंच होतं. तुमच्याच दुकानातून नेलं.”

मीनाक्षी पुढच्या दुकानात गेली. तिनं त्याच मालातलं एक न उघडलेलं किट आणलं आणि त्यातलं रबर ब्रेकच्या तेलाच्या बाटलीत टाकलं. दुसऱ्या बाटलीत तिनं जुन्या साठ्यातलं चांगल्या कंपनीचं रबर टाकलं. बाटल्या माझ्या शेजारच्या फळीवर ठेवल्या. रोज शाळेतून आली की ती आधी त्यांच्याकडं पाही. चांगलं रबर होतं तसंच राहिलं. दुसरं आठवड्याच्या आत सुजलं, तेल काळं झालं.

त्याच आठवड्यात राजकुमार आला. पायाला प्लास्टर, काखेत कुबडी, जामिनावर सुटलेला.

“लोक म्हणून राह्यले का मी दारू पेला होतो,” तो म्हणाला. “ताई, मी माह्या मायला गाडीत बसवून पेईन का?”

मीनाक्षीनं त्याला बाटली दाखवली. त्यानं बाटली उजेडाला धरली. मग त्यानं विचारलं, “अशे किट अजून किती गाड्यांत हायेत?”

 किटं बोथला गेली होती, बेल्याला गेली होती, निर्मलकडच्या गॅरेजांत गेली होती. आणि दिवस असे की प्रत्येक जीप माणसांनी टपापर्यंत भरलेली. वेचणी चालू, लग्नसराई तोंडावर, पुढं नागोबाची जत्रा.

मीनाक्षी बाटली घेऊन भावाच्या दुकानात गेली. त्यानं तिच्यासमोरच व्यापाऱ्याला फोन लावला. फोनमधला आवाज मला इथपर्यंत ऐकू आला. “भाईसाब, रबर में कोई खराबी नहीं. तेल मिलावटी होगा. आप काहे को टेन्शन लेते हो?”

“ऐकलंस?” जयदीप म्हणाला. “ताई, तू मास्तरीण आहेस. धंद्यातलं तुले काय कळते?”

“बाटलीतलं तेल मी सीलबंद डब्यातून काढलं आहे, जयदीप. विकणं बंद कर.”

“साऱ्या जिल्ह्यात माल गेला आहे. मी एकट्यानं विकला का?”

“मग तर सगळ्यांना सांगावं लागते.”

तिनं सांगायचा किती प्रयत्न केला, मित्रांनो! मिस्त्री लोकांच्या फोनवरच्या गटात तिनं बाटल्यांचे फोटो टाकले. थोड्याच वेळात त्याखाली जयदीपचं उत्तर आलं: अफवा आहे, माल अस्सल आहे, कुणी घाबरू नये. मग कुणीतरी दुसऱ्याच राज्यातल्या अपघाताची जुनी चित्रफीत त्याला जोडली. कुणी हसरे चेहरे टाकले. सांजेपर्यंत तिचा इशारा शुभेच्छांच्या फुलांखाली आणि विनोदांखाली गाडला गेला. ती ठाण्यात गेली. तिथं दरख्वास्त घेतली, रबर तपासणीला हैदराबादला पाठवतो म्हणाले, आणि अहवाल येईस्तोवर काही पसरवू नका, असंही बजावलं. अहवाल कधी येईल ते कुणी सांगेना. ‘गाडीवाट’चा तातडीचा अंक काढावा म्हणून ती आदिलाबादला छापखान्यात गेली. मालकानं मजकूर वाचला आणि कागद हळूच परत सरकवला.

“मॅडम, त्या नागपूरवाल्या शेटची कॅलेंडरं आमी छापतो. मले माफ करा.”

दुसऱ्या छापखान्यानंही हात जोडले.

ती शेडमध्ये परतली तेव्हा दुपार कलली होती. अनंतराव त्यांच्या खुर्चीत बसले होते. पंढरी आणि राजकुमार वाट पाहत होते. मीनाक्षी पिशवी टाकून जमिनीवरच बसली.

“बाबा, कोणी छापत नाही. फोनवर कोणी खरं मानत नाही. आता मी गावोगाव जाऊन ओरडू का?”

अनंतरावांचे ओठ हलले. बराच वेळ नुसता वारा आला. मग डाव्या हाताचं बोट उठलं, माझ्याकडं.

“ट्रे... डल.”

किती वर्षांनी मला कुणी नावानं हाक मारली होती! पंढरीनं माझ्यावरची खोकी उतरवली, ताडपत्री ओढली आणि तो थबकला. वरच्या खोक्यात तीच किटं होती. ज्यांनी बयनाबाईचा जीव घेतला, ती मी इतके महिने पाठीवर सांभाळत उभी होते. मला शरीर झटकता आलं असतं तर मी ते झटकलं असतं. पण मशीनला फक्त उभं राहता येतं.

पंढरीनं माझा गंज घासला, सांध्यांत तेल सोडलं. रुळांची कातडी सुकून तडकली होती, ती त्यानं मोटारीच्या जुन्या नळीचं रबर गुंडाळून भागवली. मीनाक्षीनं खिळ्यांचे खाने उघडले. अर्धे रिकामे होते, शिसं कधीच विकलं गेलं होतं. ‘ब्रेक’ लिहायला ‘ब्र’ सापडेना. ती खाने उपसत राहिली आणि रडकुंडीला आली.

राजकुमार म्हणाला, “ताई, आमी तर बिरेकच म्हणतो.”

म्हणून मोठ्या खिळ्यांत ओळ जुळली: तुमच्या जीपच्या बिरेकचं रबर आजच्या आज बदला. खाली किटाच्या पेटीचा रंग, त्यावरचा आकडा, पंढरीला काय आढळलं ते, बाटलीत काय दिसलं ते, आणि ही किटं कुठून विकली गेली त्या दुकानाचं नाव. तळाला, नेहमीच्या जागी, मुद्रक आणि प्रकाशक म्हणून अनंतरावांचं नाव. मीनाक्षीनं आपलंही नाव त्याखाली जोडलं. पहिला कागद निघाला तेव्हा माझा आवाज कण्हल्यासारखा होता, पण अक्षर स्वच्छ उठलं. अनंतरावांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि मान हलवली.

तेवढ्यात जयदीप आत आला. त्यानं सुकायला टाकलेला कागद उचलला, वाचला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

“माझं नाव? ताई, माझं नाव छापतेस?”

“दुकान सांगितलं नाही तर लोकांनी कोणतं किट काढावं?”

“बाबांच्या नावावर उभं केलेलं दुकान आहे हे! उद्या कोणी पायरी चढंल का? बाबा, तुमी तरी सांगा तिले!”

अनंतराव त्याच्याकडं पाहत राहिले. त्यांचे डोळे भरून आले, पण मान हलली नाही.

जयदीपनं माझ्या छातीवरची चौकट हिसकली आणि जमिनीवर आपटली. खिळे चहूकडं उधळले. खोक्यांखाली गेले, तेलात पडले, मातीत गेले. कुणी काही बोलायच्या आत अनंतराव खुर्चीतून खाली घसरले. पडले असं सगळ्यांना वाटलं. पण ते पडले नव्हते. ते डाव्या हातानं एकेक खिळा वेचू लागले होते. लुळा हात मागं फरफटत होता. जयदीप एक पाऊल पुढं आला, वाकला, मग तसाच वळून निघून गेला.

मित्रांनो, शिशाचा खिळा आपटला की बोथट होतो. सारे वेचून, पुसून, पुन्हा जुळवायला दुसरा दिवस उजाडला आणि तोही सरत आला. त्या एका दिवसात बोथकडची एक जीप घाट उतरत होती. तिचा ब्रेक गेला. चालकानं गाडी दरीत जाऊ दिली नाही, डोंगराच्या अंगावर घातली, म्हणून मागचे वाचले. पुढं त्याची बायको बसली होती. ती वाचली नाही.

त्या चालकानं किट जयदीपकडूनच नेलं होतं. मीनाक्षीनं बाटली दाखवली, त्याच्या नंतर.

ही बातमी जयदीपला दुकानातच कळली. तो घाटात गेला, आणि परत आला तेव्हा त्याच्या सदऱ्याला माती आणि ब्रेकचं तेल लागलेलं होतं. शेडच्या दारात तो थांबला. मीनाक्षी शेवटची ओळ आवळत होती. तिनं वर पाहिलं नाही.

“ताई,” तो म्हणाला. “त्यानं मले विचारलं होतं. किट बरं आहे ना, असं विचारलं. मी म्हटलं, माझ्या बाबांचं नाव माहीत आहे ना तुले? बिनधास्त ने.”

मीनाक्षीचा आवळणारा हात थांबला.

“दुकानाचं नाव वर टाक,” तो म्हणाला. “मोठ्या खिळ्यांत. सगळ्यात वर.”

मीनाक्षीनं जुळवलेली ओळ सोडली आणि पुन्हा बांधली. जयदीप माझ्या पायपट्टीवर उभा राहिला. पंढरी कागद लावत होता, मीनाक्षी काढून पसरत होती. जयदीप थांबायला तयार नव्हता. मीनाक्षी म्हणाली, दम खा. पंढरी म्हणाला, मशीन जुनी हाय, हळू. पण तो माझं चक्र असं फिरवत होता, जणू वेगानं फिरवलं तर कालचा दिवस परत येईल. मीही जीव तोडून साथ दिली. मला माझ्या बाजूच्या खांबात कळ जाणवत होती, बारीक केसासारखी, वर चढत जाणारी. मी काय करणार होते? बोथचे कागद झाले. इचोड्याचे झाले. निर्मलच्या वाटेवरचे झाले. बेल्याकडच्यांचे सुरू झाले आणि अर्ध्यावर माझा खांब कडकन फुटला. चक्र एकदा फिरलं आणि मी थांबले ती कायमची. बीडाला वेल्डिंग धरत नाही. पंढरीनं फटीवर हात ठेवला आणि तो काढलाच नाही.

उरलेले कागद मीनाक्षीनं हातानं लिहिले. शाळेतल्या फळ्यावर लिहितात तशा ठसठशीत अक्षरांत. राजकुमार ते घेऊन बेल्याकडं निघाला, दुसऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून, कुबडी आडवी धरून. गाड्यांच्या प्रत्येक थांब्यावर तो उतरला. कागद चिकटवला, वाचून दाखवला. जे हसले त्यांना तो एवढंच म्हणाला, “माही माय गेली. तुमची वाचवा.”

लोकांनी ते ऐकलं. ज्या कागदावर दुकानदारानं आपल्याच दुकानाचं नाव सगळ्यात वर छापलं, तो कागद खोटा कसा म्हणायचा? किटं परत येऊ लागली. कुणी शांतपणे काउंटरवर ठेवली, कुणी जयदीपच्या अंगावर फेकली. एका बाईनं दाराशी उभं राहून त्याला शिव्या घातल्या आणि त्यानं त्या मान खाली घालून ऐकल्या. त्यानं कुणालाच दार बंद केलं नाही. घाटातल्या त्या चालकाच्या घरी तो गेला होता. तिथं त्याला कुणी बस म्हटलं नाही. तो अंगणाबाहेर उभा राहून परत आला.

चांगलं सगळं झालं असं मी तुम्हाला सांगणार नाही. हैदराबादचा अहवाल अजून आलेला नाही. राजकुमारवरचा खटला तसाच आहे, तारखेला तो कुबडी टेकत जातो. नागपूरकडच्या व्यापाऱ्याचा फोन लागत नाही. तीच रबरं दुसऱ्या रंगाच्या पेटीत विकायला आली आहेत, असं पंढरी परवा सांगत होता. ‘गाडीवाट’ला आता जाहिरात नाही, छापणारा नाही. मलाही लवकरच भंगारवाला घेऊन जाईल. त्याचं मला दुःख नाही. मी वितळेन, माझं दुसरं काही होईल.

दुःख वेगळ्याच गोष्टीचं आहे. रोज सांजेला जयदीप या शेडमध्ये जमिनीवर बसतो. परत आलेल्या किटांतलं एकेक रबर काढतो आणि कात्रीनं मधोमध कापतो, म्हणजे ते पुन्हा कुणाच्या गाडीत जाणार नाही. मीनाक्षी वह्या तपासता तपासता त्याच्याकडं पाहते. अनंतराव खुर्चीतून विचारतात, त्यांना जमतं त्या एकाच शब्दात.

“आली?”

“नाही, बाबा,” जयदीप म्हणतो. “अजून सगळी नाही.”

म्हणून मला घाई आहे, मित्रांनो. ती रबरं या घडीला कुठल्या तरी जीपखाली तेलात बसलेली आहेत आणि हळूहळू फुगत आहेत. मला आता छापता येत नाही, म्हणून तोंडानं सांगते. उद्या सकाळी तुम्ही शाळेच्या, लग्नाच्या, जत्रेच्या गाडीत चढाल. चढण्याआधी चालकाला विचारा, दादा, बिरेकचं रबर कधी बदललं, कुठलं टाकलं? तो हसेल. मागचे लोक ओरडतील, उशीर होतो म्हणतील. त्यांना ओरडू द्या. तुम्ही पायरीवरच उभे राहा, आणि उत्तर मिळेस्तोवर आईला गाडीत बसू देऊ नका.